घराला वरचा मजला नव्हता

४ मार्च

बारक्या,

फोन उचलत नाहीस, मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस. म्हणून आता कागद. तुझा सध्याचा पत्ता तुझ्या बायकोकडून काढून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, मी आईचं निमित्त पुढे केलं होतं. आईचं निमित्त कुणालाच मोडता येत नाही.

आई बरी आहे. गुडघा तोच, तक्रार तीच. तुझी चौकशी करते तेव्हा मी सांगते, "कामात आहे." सक्तीच्या रजेवरचा माणूस कामात कसा, असं ती विचारत नाही. आपली आई विचारायची थांबते तेव्हा तिला सगळं कळलेलं असतं, हे तुलाही ठाऊक आहे.

बातमी तुझ्यापर्यंत आली असेलच. खोटा फोन करणाऱ्याला परवा शिक्षा झाली. नऊ वर्षं. चाळिशीला टेकलेला माणूस, इथून चारशे किलोमीटरवर राहणारा. सिनेमांवर गप्पा मारायच्या कुठल्याशा ऑनलाइन गटात त्याची एकाशी जुंपली, म्हणून त्यानं त्या एकाच्या घरी पोलीस पाठवायचं ठरवलं. याआधी असे अकरा फोन करून झाले होते त्याचे. अकरा वेळा माणसं घाबरली, दारं तुटली, पण निभावलं. या वेळी पत्ता दीड वर्ष जुना निघाला. ज्याच्याशी भांडण होतं तो घर सोडून गेला होता आणि तिथं सुतार राहत होता. तो जिवानिशी गेला.

निकाल आला त्या दिवशी आमच्या शिफ्ट इनचार्जनी अख्ख्या पोलीस कंट्रोल रूमला चहा पाजला. "चला, एक प्रकरण मिटलं," म्हणाले. मी चहा घेतला. का घेतला ते सांगता येत नाही. समोर आला, घेतला.

मिटलेलं नाही, हे सांगायला हे पत्र. सुताराच्या बायकोनं अर्ज केला होता, त्यावर चौकशी समिती बसली आहे. आठ एप्रिलला सुनावणी. मला नोटीस आली, तुलाही आली असेल. सकाळी मी, दुपारी तू.

त्या दिवशी जेवताना आपण एकमेकांना जे बोललो ते अजून ताटात तसंच पडलंय असं वाटतं. तू म्हणालास, "तू पाठवलंस म्हणून मी गेलो." मी म्हणाले, "मी पाठवलं, गोळी मी नाही झाडली." आई मधे बसली होती. तू हात न धुता उठलास. पाच महिने झाले.

एकदा तरी बोल. शिव्या दे हवं तर.

ताई


१२ मार्च

बारक्या,

उत्तराची वाट पाहिली नाही असं म्हणणार नाही. रोज पेटी उघडते. विजेच्या बिलाशिवाय काही नसतं.

तो फोन माझ्या कानात कसा आला ते मी तुला कधी सांगितलंच नाही. आपण सरळ भांडणावरच गेलो. तर ऐक.

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. जेवण झालेलं, खोलीत तेरा जण, पंखा माझ्या डोक्यावरचा तेवढा बंद. पुरुषाचा आवाज, शांत. घाबरलेली माणसं कशी बोलतात ते मला एकोणीस वर्षांत पाठ झालंय. एक तर ओरडतात, नाही तर शब्दच सापडत नाहीत. हा माणूस पत्ता आधी म्हणाला. मग म्हणाला, "मी बायकोला मारलंय. मुलगी माझ्याजवळ आहे. हातात पिस्तूल आहे. कुणी आलं तर तिलाही उडवीन." मी विचारलं, "मुलगी किती वर्षांची?" तो थोडा थांबला आणि म्हणाला, "लहान आहे." बापाला मुलीचं वय शोधावं लागत नाही.

पण नियम असा की शंका आमची, धोका लोकांचा. पथक पाठवायचंच. मी पाठवलं. पडद्यावर गाडीचा नंबर आला तेव्हा ती तुझी गाडी आहे हे मला कळलं. "बाईचा खून, मूल ओलीस, हातात पिस्तूल" एवढं मी लिहिलं आणि तेवढंच तुला वाचून दाखवलं गेलं. तेवढं ऐकून तू कुठल्या मनानं त्या गाडीतून उतरला असशील, हे मला कळतं. कळत नाही असं समजू नकोस.

फोन अकरा मिनिटं चालला. तुम्ही पोचलात तेव्हा तो चालूच होता. तिकडे गोळी वाजली ती त्याला ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी त्याच सुमाराला त्यानं फोन ठेवला. नंतर कळलं की त्याचं ऑफिसातलं चहाचं टायमिंग झालं होतं.

माझ्याकडून व्हायचं ते सगळं मी केलं. वेळा बरोबर, नोंदी बरोबर, प्रश्न ठरलेल्या क्रमानं.

आईनं तुला स्वेटर विणायला घेतलाय. मार्च महिन्यात.

ताई


२० मार्च

बारक्या,

काल सुताराची बायको आमच्या ऑफिसात आली होती.

समितीनं तिला फोनचं रेकॉर्डिंग ऐकायची परवानगी दिली आहे. ऐकवायला कुणी तरी बसावं लागतं. इनचार्जसाहेबांना नेमकं बाहेर काम निघालं, बाकीचे आपापल्या खुर्चीला चिकटले. मग मीच बसले. छोटी खोली, टेबलावर मशीन, दोन खुर्च्या. ती माझ्याच वयाची आहे. शाळेच्या लायब्ररीत काम करते. बोटांना गोंद लागलेला होता, पुस्तकं चिकटवता चिकटवता उठून आली असावी.

पहिलं वाक्य वाजलं आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. "फोनवरच्या बाई तुम्हीच?"

"हो."

"आवाजावरून वाटलं तुम्ही तरुण असाल."

तिनं सगळं ऐकलं, मधे एकदाही थांबवायला सांगितलं नाही. संपल्यावर म्हणाली, "मी मेल्याचा उल्लेख दोनदा आला. मी त्या वेळी शाळेत पुस्तकांना नंबर घालत होते. आणि मुलगी तर आम्हाला नाहीच."

मग तिनं घरातलं सांगितलं. पुढच्या खोलीतच त्याचं रंध्याचं मशीन होतं. मशीन चालू असलं की तो कानांवर ती जाड टोपणं घालायचा. "घरात आग लागली असती तरी त्याला कळलं नसतं. मी जेवायला बोलवायची तर दिवा बंद-चालू करायची." त्या दिवशी खिडकीतून माणसं हलताना दिसली असतील, म्हणून तो दार उघडून आला. कानांवर टोपणं तशीच. तुमच्यातलं कोण काय ओरडलं यातलं त्याला काही ऐकू गेलं नसणार. एक हात टोपण काढायला कानाकडे गेला. दुसरा अंगावरच्या एप्रनच्या खिशात गेला. खिशात त्याचा चष्मा होता. तिला हे सगळं पंचनाम्यावरून कळलंय. सांगताना ती रडली नाही. मला बरं वाटलं असतं रडली असती तर.

जाताना दारात थांबून म्हणाली, "एक विचारू? तो फोनवर म्हणतो, वरच्या मजल्यावरून बोलतोय. आमच्या घराला वरचा मजला नाही. तुम्हाला ते कळायची काही सोय होती का?"

मी म्हणाले, "नाही."

बारक्या, मी खोटं बोलले. मागच्या पत्रात तुला लिहिलं ना, व्हायचं ते सगळं केलं, तेही खोटं. पत्ता टाकला की घराचा फोटो आमच्या पडद्यावर येतो. दोन बारा झाले होते. तो "वरच्या मजल्यावर" म्हणाला आणि माझ्यासमोर बैठं घर होतं, पत्र्याचं छप्पर, दारात फळ्या रचलेल्या. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहायला घेतलं, "घराला वरचा मजला दिसत नाही, खात्री करावी." तेवढ्यात इनचार्जसाहेब मागे येऊन उभे राहिले. "पथक निघालंय. आता त्यांच्या डोक्यात किडा सोडू नकोस. फोटो जुना असेल, मजला चढवला असेल." आणि मी ते पुसलं. एकेक अक्षर मागे घेत पुसलं. पुसलेल्याची नोंद मशीन ठेवत नाही. म्हणजे हे दोघांनाच ठाऊक आहे, त्यांना आणि मला. आता तुला.

तू उतरलास तेव्हा तुझ्या कानात ते एक वाक्य असतं तर? मी हा प्रश्न स्वतःला विचारते आणि भांडी घासते. मग पुन्हा विचारते.

म्हणजे जेवताना तू बोललास ते निम्मं खरं होतं. निम्मं मी नंतर लिहीन, आज हात चालत नाही.

ताई


२७ मार्च

बारक्या,

खात्याचे वकील येऊन गेले. चांगला माणूस आहे, सर्दी झाली होती बिचाऱ्याला. त्यांनी मला एकच मंत्र दिला: "विचारलं तेवढंच सांगा. गुन्हेगार सापडलाय, शिक्षा झालीय. आता उगाच कोळसा उगाळायचा नाही." मी मान हलवली. नुसती मान हलवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं.

आता राहिलेलं निम्मं.

माझ्या एका कानात तो फोन होता. दुसऱ्या कानात तुमचं वायरलेस. तुमच्या गाडीतले मास्तर, ते आपले जुने हवालदार, ज्यांना सगळ्यांचे रिपोर्ट लाल पेनानं तपासायची खोड आहे म्हणून मास्तर म्हणतात, त्यांच्या वायरलेसचं बटण दाबलेलं राहिलं होतं. मला दार उघडल्याचा आवाज आला. तू ओरडलास, "हात वर!" मग मास्तर म्हणाले, "थांब. थांब, हात रिकामे आहेत." आणि मग गोळी.

तुझ्या जबाबात आहे की कुणीही काही बोललं नाही. मास्तरांच्या जबाबात आहे की आठवत नाही. त्यांना निवृत्तीला आठ महिने उरलेत, आठवणं परवडत नसेल. आणि वायरलेसच्या टेपमध्ये म्हणे त्या जागी नुसती खरखर आहे. असेल. पण माझ्या कानात खरखर नव्हती.

मी आठ तारखेला दोन्ही सांगणार आहे. पुसलेला शेरा आणि मास्तरांचं वाक्य. फक्त पहिलं सांगितलं तर तू सुटशील, फक्त दुसरं सांगितलं तर मी. त्या बाईला "नाही" म्हणून झालं एकदा, दुसऱ्यांदा तेच तोंड घेऊन जाणार नाही.

तुला आधी सांगतेय, कारण तिथं खुर्चीत बसून माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकावंस असं मला वाटत नाही. आणि एक विनंती आहे. तू दुपारी बोलणार आहेस. मी काय बोलले ते बाजूला ठेव. तुझं तू सांग.

ताई


२ एप्रिल

बारक्या,

शेवटी तुझा फोन आला. पाच महिन्यांनी "तायडे" ऐकलं आणि पुढचं सगळं ऐकून न ऐकल्यासारखं करावंसं वाटलं.

"तायडे, माझी वाट लावू नकोस."

मी म्हणाले, "माझीही लागणारच आहे रे."

"तुझी नोकरी जाईल. मी आत जाईन. फरक कळतोय का तुला?" मग म्हणालास, "चार सेकंद होते. चार. मास्तर म्हणाले तेव्हा हात रिकामे होते, कबूल. मग एक हात खिशात गेला. त्या खिशात काय आहे ते मला कसं कळणार? आत एक बाई मेलेली आहे, पोर मरायच्या बेतात आहे, हे मला तूच सांगितलं होतंस."

आणि तू फोन ठेवून दिलास. फोन ठेवल्यावर सुचतं, हा आपल्या घरचा आजार आहे. म्हणून उत्तर इथं लिहिते.

खिशातला हात मला मान्य आहे. मी तिथं असते तर काय केलं असतं, मला ठाऊक नाही. कदाचित तेच. तुला चार सेकंदांत दिसलं नाही, याचा दोष मी तुला देत नाही. पण जबाब लिहायला तुला चार सेकंद नव्हते. दोन दिवस होते, खुर्ची होती, पंखा होता. तिथं तू मास्तरांचं वाक्य गाळलंस. मी शेरा गाळला तसंच. आपण दोघं एकाच आईची लेकरं, लपवायची पद्धतही एक.

लहानपणी तू शेजाऱ्यांची काच फोडलीस आणि मी माझ्या अंगावर घेतलं होतं, ते तू काल काढलंस. काढायला नको होतंस. काच होती ती.

आईला तुझा फोन आल्याचं सांगितलं. "काय म्हणाला?" "बरा आहे म्हणाला." आई म्हणाली, "मग तू का रडतेस?"

ताई


९ एप्रिल

बारक्या,

काल तू तिथं होतास, मीही होते, तरी लिहिते. काही गोष्टी तुझ्या पाठीमागे घडल्या.

माझं झालं ते तू ऐकलंस. सकाळी मुद्दाम येऊन बसलास, ते मी दारातून येतानाच पाहिलं. शेऱ्याचं मी सांगितलं तेव्हा इनचार्जसाहेब म्हणाले, असं काही घडलंच नाही, बाईंवर ताण आहे. अपेक्षित होतं. तुझ्या बाजूच्या वकिलांनी विचारलं, "भावाशी तुमचं भांडण आहे ना? जेवणाच्या ताटावरून?" तेही अपेक्षित असायला हवं होतं, पण नव्हतं. ते ताट तू वकिलाला देशील असं वाटलं नव्हतं. मी म्हणाले, "हो, आहे. भांडण आहे म्हणूनच इतकी वर्षं जे करत आले ते आज करत नाहीये." सगळ्यांनी लिहून घेतलं. अर्थ मलाही नीट लागला नाही.

मग मी मागच्या रांगेत जाऊन बसले. सुताराची बायको सरकली आणि तिनं जागा दिली. तिच्याशी खोटं बोलल्याचं मी नुकतंच सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. तिनं पर्स उचलून मांडीवर घेतली, एवढंच.

दुपारी तुझं नाव पुकारलं. बाईंनी, म्हणजे समितीच्या अध्यक्षांनी, विचारलं, "सहकाऱ्यानं थांबायला सांगितलेलं तुम्हाला ऐकू आलं होतं का?" तू पाणी प्यायलास. पुरा पेला. तुमचे वकील उठायला लागले होते, तू त्यांच्याकडे पाहिलं नाहीस.

तू म्हणालास, "हो."

"मग जबाबात का नाही?"

"लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं."

तुझ्यासमोरचा माइक बंद होता. मागे फारसं काही पोचत नव्हतं, मला एकोणीस वर्षांच्या सवयीनं तेवढं ऐकू आलं. तिनं माझा दंड धरला आणि विचारलं, "काय म्हणाला? हो म्हणाला का?"

मी सांगितलं, "हो म्हणाला."

"नक्की?"

"नक्की."

तिनं दंड सोडला नाही. तुझं सगळं संपेपर्यंत धरून बसली. आज तिथं बोटांचे वळ आहेत.

बाहेर आल्यावर तू माझ्यासमोरून गेलास आणि थांबला नाहीस. रागावले नाही. काल तू एकदा थांबलास, तेवढं पुष्कळ.

ताई


१८ जून

बारक्या,

निकाल तुला पाठवलाच आहे त्यांनी. गोळीबार टाळता आला असता, असं लिहिलंय. तुझं प्रकरण कोर्टात जाणार. मास्तर निवृत्त होईपर्यंत रजेवर. इनचार्जसाहेबांची बदली झाली, मोठ्या कार्यालयात, आणि बदलीला जोडून बढती. ती वाचून मी हसले. खरंच हसले, बाजूच्या बाईनं विचारलं काय झालं.

माझ्या कानावरचे हेडफोन काढून घेतले. आता मी नोंदी विभागात. तळमजला, खिडकी, शिक्के, ओल. कुणी मरत असल्याचे फोन येत नाहीत. पहिले दोन आठवडे मला ती शांतता सहन होईना, आता झोप लागायला लागलीय.

वकील म्हणतात तुझी कोर्टातली बाजू अगदीच लंगडी नाही, तू आपणहून बोललास ते धरलं जाईल. मला खोटा धीर देता येत नाही. कोर्टाच्या प्रत्येक तारखेला मी मागे बसेन. तुला नको असलं तरी.

हे पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. सुताराच्या बायकोनं आणखी एक अर्ज केला. निकाल तिच्या बाजूचा, तरी अर्ज. तिनं सगळी फाइल वाचली, लायब्ररीतली बाई ती. तिचं म्हणणं असं की पंचनाम्यापासून निकालापर्यंत तिच्या नवऱ्याला 'संशयित' म्हटलंय. त्याच्यावर संशय घेण्यासारखं काहीच नव्हतं हे निकालातच सिद्ध झालंय, तर तो शब्द काढावा. वरून शेरा आला: मान्य. आणि काम आलं माझ्या टेबलावर.

एकूण सत्तेचाळीस ठिकाणी. मी तीन दिवस तेच करते आहे. ज्याच्या जबाबात शब्द बदलला त्याची पुन्हा सही लागते. मास्तरांनी काल येऊन केली. चष्मा विसरले होते म्हणाले, वाचलं नाही, मी दाखवीन तिथं सह्या करत गेले.

तुझा जबाब उद्या सरकारी पाकिटातून निघेल. हे पत्र वेगळं टाकतेय, त्यात घालणं नियमात बसत नाही. तुझ्याकडे सहा जागा आहेत. आधी होतं, "संशयित दार उघडून बाहेर आला." आता आहे, "सुतार दार उघडून बाहेर आला." शेवटची जागा सगळ्यात छोटी आहे, तीनच शब्दांची: "सुतार खाली पडला." प्रत्येक बदलाशेजारी तुझी सही हवी.

पटापट उरकू नकोस. एकेक वाक्य वाच, मग सही कर. मी तुझा जबाब करायला घेतला तेव्हा सहा जागांना मला अख्खी सकाळ लागली.

पाकीट टपालानं परत पाठवलंस तरी चालतं. हातानं आणून दिलंस तरी चालतं. खिडकी अकरा ते दोन उघडी असते आणि खिडकीत मीच बसते.

ताई